डल सरोवराकाठी बोर्दोची द्राक्षवेल

बुलडाणा - १८७० च्या प्रारंभीच्या महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडात आले होते. निमित्त होते जलंबहून खामगावला जाणाऱ्या आगगाडीच्या फाट्याचे. जेमतेम आठ मैलांचा हा लोहमार्ग केवळ कापसासाठी टाकण्यात आला होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना भरपूर कापूस हवा होता आणि तो लांब धाग्याचा हवा होता. त्यामुळे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या हाती अमेरिकन सरकी देऊन पाहण्याचे प्रयोग त्या काळात चालू होते. जडी, बणी अशा देशी वाणांपुढे विलायती वाण आपल्या काळ्या जमिनीत टिकले नाही, ही गोष्ट खामगाव, मलकापूर, मेहकरकडील जुन्या शेतकरी घरांना नवी नाही.

खामगावहून गेलेल्या याच मेयोंनी पुढे काही आठवड्यांनी पंजाबातील सियालकोट येथे एका संस्थानिकासोबतच्या व्यापारी करारावर शिक्कामोर्तब केले. लडाखमार्गे पूर्व तुर्कस्तानात जाणाऱ्या व्यापारावरील जकात माफ करावी, असा त्या कराराचा गाभा होता. हे संस्थानिक म्हणजे जम्मू-काश्मीरचे दुसरे डोगरा अधिपती महाराजा रणबीरसिंग. देशी वाण की विलायती, हा प्रश्न त्यांच्याही राज्यात उभा राहिला, मात्र तो कापसाचा नव्हता, द्राक्षाचा होता. ज्या खोऱ्यात द्राक्षापासून मद्य करण्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी होती, त्या खोऱ्यात त्यांनी फ्रान्समधील बोर्दो प्रांतातून वेली आणून लावल्या आणि डल सरोवराच्या काठी वाइनचा कारखाना उभारला.

रणबीरसिंगांचे नाव आज बहुतेकांना ठाऊक आहे ते दंडविधानामुळे. भारतीय दंडविधान देशभर लागू असताना जम्मू-काश्मीरमध्ये मात्र १९३२ पासून रणबीर दंडविधान चालत होते आणि ते २०१९ च्या ऑक्टोबरअखेर संपुष्टात आले. कायद्याच्या पुस्तकावर नाव कोरले गेलेल्या या राजाच्या आयुष्यातील द्राक्षमळ्याचे प्रकरण त्या मानाने विस्मृतीत गेले.

त्यांचा जन्म १८३० मध्ये जम्मूजवळच्या रामगढ येथे झाला. वडील गुलाबसिंग हे लाहोरच्या शीख दरबाराचे मातब्बर सरदार. रणबीरसिंग हे त्यांचे तिसरे पुत्र, म्हणजे गादीच्या रांगेत तसे मागेच. पण लाहोर दरबारातील रक्तरंजित राजकारणाने ही रांग झपाट्याने मोकळी केली. १८४० मध्ये राजपुत्र नौनिहालसिंग यांच्या अंगावर दरवाजाची कमान कोसळली, त्यात थोरले बंधू उधमसिंग सोबत होते, तेही गेले. १८४३ मध्ये काका ध्यानसिंग मारले गेले. १८४४ च्या मार्चमध्ये दुसरे काका सुचेतसिंग पडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मधले बंधू सोहनसिंग यांचीही हत्या झाली. चौदा वर्षांचा हा मुलगा आता एकटा वारस उरला होता. सुचेतसिंगांनी त्याला दत्तक घेतलेले होते, हाही एक योगायोग.

पुढे दोनच वर्षांनी, १६ मार्च १८४६ रोजी अमृतसरचा तह झाला. पहिल्या शीख युद्धानंतर इंग्रजांनी काश्मीर खोरे गुलाबसिंगांना ७५ लाख नानकशाही रुपयांना दिले. मोबदल्यात इंग्रजांची सार्वभौम सत्ता मान्य करायची आणि दरवर्षी एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा शेळ्या व काश्मिरी शालींच्या तीन जोड्या पाठवायच्या, असे ठरले. राज्य विकत घेतले की आधी वसुलीकडे लक्ष जाते. डोगरा राजवटीच्या करपद्धतीवर पुढे जी टीका झाली, तिचे मूळ पुष्कळ अंशी या व्यवहारात होते.

१८५६ मध्ये गुलाबसिंगांनी राज्यकारभार मुलाच्या हाती सोपवला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ते वर्ष १८५७ चे. उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना तरुण महाराजांनी दिल्लीच्या वेढ्यासाठी इंग्रजांच्या मदतीला डोगरा फौज धाडली. इंग्रजांनी ते लक्षात ठेवले. त्यांच्या हयातीत काश्मीरमध्ये कायमचा इंग्रज रेसिडेंट बसवला गेला नाही, यामागे ही पुण्याई नक्कीच होती.

स्वभावाने महाराज धर्मनिष्ठ आणि विद्याव्यासंगी होते. जम्मूचे रघुनाथ मंदिर वडिलांनी सुरू केले, ते त्यांनी पूर्ण केले. मंदिरालगत संस्कृत पाठशाळा व ग्रंथालय उभे केले. दूरदूरचे पंडित व मौलवी बोलावून संस्कृत, अरबी, फारसी आणि इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करवून घेतली. डोगरी लिपीत सुधारणा करून ती सरकारी कामकाजात आणली आणि छापखाना काढला. काश्मीरमधील तीर्थक्षेत्रांची साद्यंत माहिती गोळा करण्याचे काम त्यांनी पंडित साहिबराम यांच्याकडे सोपवले होते. या ग्रंथालयात पाच हजारांवर हस्तलिखिते जमली होती. ऑरेल स्टाइन यांनी केलेली त्यांची सूची १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

काश्मीरमधील या ग्रंथसंपदेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील जर्मन संस्कृततज्ज्ञ गेओर्ग ब्यूलर १८७५ मध्ये हस्तलिखितांच्या शोधात काश्मीरला गेले, तेव्हा राज्य रणबीरसिंगांचेच होते. त्यांनी तेथून आणलेली शेकडो हस्तलिखिते आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहेत. भूर्जपत्रावरील ऋग्वेदाची पोथीही त्यातच आहे. या भांडारातील ऋग्वेदाच्या हस्तलिखितांचा २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत समावेश झाला.

ब्यूलर यांच्या त्या प्रवासाला द्राक्षाचाही एक धागा होता. त्याआधी त्यांना जैसलमेरच्या जैन भांडारात बिल्हण कवीचे विक्रमांकदेवचरित सापडले होते आणि १८७५ मध्ये ते मुंबईच्या संस्कृत मालेत प्रसिद्धही झाले. बिल्हण मूळचा काश्मीरचा. तो अकराव्या शतकात दक्षिणेत येऊन कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाला राहिला. आपल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे नाते ज्या चालुक्य काळाशी जोडले जाते, तो हाच काळ. दख्खनच्या राजवैभवात राहूनही बिल्हणाने काव्याच्या शेवटी आपल्या खोनमुष या गावाची आठवण काढली आहे. या गावाचे वैभव म्हणून त्याने दोनच पिके सांगितली, केशर आणि द्राक्षे. ब्यूलर हे वर्णन घेऊन त्या गावी पोचले. खुनमोह या नावाने ते गाव श्रीनगरजवळ आजही आहे आणि तेथे केशर आजही होते.

बिल्हणाच्या पाऊणशे वर्षांनंतर कल्हणाने राजतरंगिणीत काश्मीरच्या दुर्मीळ वैभवात द्राक्षांची गणना केली. त्याहून जुने नीलमतपुराण तर द्राक्षे पिकण्याच्या दिवसांत श्यामा देवीची पूजा सांगते आणि पहिला बर्फ पडेल त्या दिवशी नवे मद्य पिण्याचा विधी सांगते. भारतीय परंपरेत मद्य केवळ निषिद्धच होते, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हे पुराण एकदा जरूर चाळावे. वायव्येकडील द्राक्षमद्याची ख्याती त्याहीपूर्वीची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला मधु म्हटले असून कापिशायन व हारहूरक ही त्याची नावे प्रदेशांवरून पडलेली आहेत. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेकडील भाग.

पुढे ही परंपरा क्षीण झाली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुलतान सिकंदरने मद्यविक्रीवर बंदी घातल्याचे फारसी इतिहासकार नोंदवतात. बंदीमुळे मद्य गेले तरी वेली राहिल्या. मोगलांच्या काळात अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत काश्मीरचे वर्णन करताना द्राक्षे मुबलक आहेत, पण उत्तम जातीची थोडी, आणि वेली तुतीच्या झाडांवर चढलेल्या असतात, अशी नेमकी नोंद केली. या एका नोंदीत पुढील सर्व प्रश्न सामावलेला आहे.

झाडावर चढवलेली वेल दिसायला देखणी असते. तिला मांडव लागत नाही, छाटणी फारशी लागत नाही, आणि खाली तुतीचा पाला रेशमाच्या किड्यांसाठी मिळतो. मात्र वाढ सारी पानाफांद्यांत जाते, घडांना ऊन कमी मिळते आणि रसात साखर पुरेशी उतरत नाही. वाइनला तर साखर आणि आम्लता यांचा मेळ लागतो. साखरेचे किण्वन होऊन मद्यार्क तयार होतो आणि आम्लतेमुळे वाइन टिकते. तांबड्या वाइनमध्ये सालीचा रंग व तुरटपणा उतरावा लागतो. त्यामुळे खाण्याचे उत्तम द्राक्ष वाइनला चालेलच असे नाही. नाशिकच्या बागाईतदाराला हे आज तोंडपाठ आहे. थॉम्पसन सीडलेसचे घड निर्यातीला जातात आणि वाइनसाठी शेनाँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ अशा वेगळ्याच जाती लावल्या जातात. रणबीरसिंगांच्या काळात मात्र हिंदुस्थानात हे ज्ञान कोणाकडे फारसे नव्हते.

महाराजांना ही उठाठेव का करावीशी वाटली, याचे उत्तर शालीच्या धंद्यात आहे. काश्मीरच्या खजिन्याचा मोठा आधार म्हणजे शालीवरील कर. कारखानदार, कर वसूल करणारे दाग-शाल खाते आणि विणकर अशी ती साखळी होती आणि तिच्यात सर्वांत खाली विणकर भरडला जात होता. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालडगर भागात विणकरांनी मोर्चा काढला. सैन्याने तो मोडला, पळताना कित्येक विणकर कालव्यात बुडून मेले. रणबीरसिंगांच्या कारकिर्दीवरील हा डाग कोणत्याही भाषांतरमालेने पुसला जात नाही. पाच वर्षांनी बाजारच कोसळला. शालींचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक फ्रान्स. १८७०-७१ मध्ये प्रशियाशी झालेल्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला, पॅरिसची फॅशन बदलली आणि श्रीनगरचे माग थंडावले.

तेव्हा राज्याला नवे उद्योग हवे होते. महाराजांनी १८६९ च्या सुमारास रेशमाचा सरकारी उद्योग हाती घेतला, तो बंगाली अधिकारी नीलांबर मुखर्जी यांच्याकडे सोपवला. १८७८ मध्ये रोगाने किडे मेले आणि तो खाली बसला. मद्यभट्ट्यांना लागणाऱ्या हॉप्सची लागवड झाली. पंजाबात इंग्रज सैन्यासाठी बिअरचे कारखाने निघाले होते, मरीचा कारखाना तर १८६० पासूनचा, त्यामुळे हॉप्सना गिऱ्हाईक होते. युरोपीय माणसांना चाकरीत ठेवण्यास महाराज कचरत नसत. इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञ फ्रेडरिक ड्र्यू त्यांच्या सेवेत दहा वर्षे होते आणि काही काळ लडाखचा कारभार त्यांनी पाहिला.

द्राक्षमळा हा याच मालिकेतील एक प्रयोग होता. बोर्दोहून हजारो मैलांचा प्रवास करून द्राक्षाच्या काड्या काश्मीरमध्ये आल्या. रेल्वे तेव्हा पंजाबच्या सपाटीपर्यंतच होती, पुढचा डोंगर खेचरांच्या आणि हमालांच्या पाठीवरून ओलांडावा लागे. डल सरोवराच्या काठच्या उतारावर, गुपकार येथे या वेली लावल्या गेल्या. तेथेच मोठ्या खर्चाची यंत्रसामग्री आणून वाइन करण्याचा आणि दारू गाळण्याचा कारखाना उभा राहिला. बोर्दोच्या मेदोक भागातील तांबडी आणि बार्साक भागातील पांढरी वाइन डोळ्यांपुढे ठेवून येथील वाइन तयार होऊ लागली. श्रीनगरचे अक्षवृत्त बोर्दोच्या बरेच दक्षिणेला असले तरी उंची सुमारे १६०० मीटर, हिवाळा कडक आणि उन्हाळा सौम्य. द्राक्षवेलीला विश्रांतीसाठी थंडी लागते, ती येथे आपोआप मिळते. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या करून, खरड छाटणी आणि गोडी छाटणी, वेलीला जे शिकवावे लागते ते काश्मीरमध्ये निसर्गच करतो. हवामानाच्या दृष्टीने महाराजांची निवड चुकीची नव्हती.

तरीही एक गोष्ट खटकते. खोऱ्यातच, सिंध नदीच्या बाजूला रेपोरा येथे, देशी द्राक्षांची जुनी लागवड होती. साहिबी, हुसैनी या तेथल्या नावाजलेल्या जाती. साहिबी हे नाव महाराष्ट्रालाही परके नाही, पंढरी साहेबी आपल्याकडे वर्षानुवर्षे होती आणि तिच्यापासून निवडलेल्या चिमा साहेबीने एकेकाळी पश्चिम महाराष्ट्र गाजवला. रेपोऱ्याच्या वेली फ्रेंच पद्धतीने बुटक्या ठेवून, छाटून, त्यांच्या रसाची परीक्षा आधी झाली असती, तर नीलमतपुराणातील नव्या मद्याचा वारसा त्याच मातीतल्या वाणाने चालला असता. पण दरबाराला वाइन हवी होती ती विलायती चवीची. तिचे गिऱ्हाईक उन्हाळ्यात काश्मीरला येणारे इंग्रज अधिकारी आणि प्रवासी होते, श्रीनगरचा हांजी किंवा शेतकरी नव्हे. मुसलमान प्रजा आणि निष्ठावंत हिंदू राजा यांच्या राज्यात निघालेला हा कारखाना तिसऱ्याच माणसाच्या पेल्यासाठी होता.

याच कारकिर्दीत काश्मीरने इतिहासातील एक भयंकर दुष्काळ पाहिला. दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पाऊस न पडल्याने पडला. काश्मीरमध्ये उलटे झाले. १८७७ च्या शरदात पाऊस लागला तो थांबेना. भात कापणीला आले होते, पण राज्याचा वाटा धान्यातच घेतला जाई आणि सरकारी आकारणी झाल्याखेरीज शेतकऱ्याला पीक हलवता येत नसे. कारकुनाची वाट पाहत भात शेतात कुजले. पुढील वर्षी पेरायला बियाणेही उरले नाही. दुष्काळ १८७९ पर्यंत चालला. माणसे पंजाबकडे निघाली, तर खोऱ्याबाहेर पडण्यासाठी परवाना लागत असे. पंजाबातून धान्य आणण्यात आले, पण डोंगरघाटांतून ते पोचायला वेळ लागला आणि पोचल्यावर वाटपात अधिकाऱ्यांनी हात मारले. एकट्या श्रीनगरची लोकसंख्या निम्म्यावर आल्याचे अंदाज पुढे वॉल्टर लॉरेन्स यांनी नोंदवले आहेत.

महाराजांनी मुद्दाम प्रजेला उपाशी ठेवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि, निसर्गाने दिलेला फटका त्यांच्या महसूल व्यवस्थेने दसपट केला, हे नाकारता येत नाही. आपल्या शेतातले भात आपल्या वेळेला कापण्याची मुभा ज्या राज्यात शेतकऱ्याला नव्हती, त्या राज्यात बोर्दोहून आणलेल्या वेलींची निगा मात्र तज्ज्ञांकडून राखली जात होती. इंग्रज टीकाकारांनी या विसंगतीवर बोट ठेवले. अर्थात त्यांचा हेतूही शुद्ध नव्हता. रशिया मध्य आशियात पुढे सरकत होता, गिलगिटची वाट काश्मीरमधून जात होती आणि तेथे आपला रेसिडेंट बसवण्यासाठी कलकत्त्याच्या सरकारला कारण हवेच होते. शिवाय दख्खनच्या दुष्काळात त्यांच्या स्वतःच्या अमलाखाली काय घडले, ते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

१८८३ च्या डिसेंबरात कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. देशोदेशीच्या वस्तूंबरोबर हिंदुस्थानात तयार झालेल्या वाइनही तेथे मांडल्या गेल्या आणि त्यांचे स्वागत चांगले झाले. महाराजांच्या प्रयोगाचा हा उत्कर्षाचा क्षण म्हणता येईल. मात्र कलकत्त्याच्या प्रदर्शनात बाटली मांडणे वेगळे आणि पेट्या भरभरून बाजारात पाठवणे वेगळे. झेलम खोऱ्यातून बारामुल्लापर्यंत गाडीरस्ता व्हायला १८९० उजाडावे लागले. तोपर्यंत काचेच्या बाटल्या खेचरावरून डोंगर उतरत होत्या, आणि पंजाबच्या बाजारात त्यांची गाठ जहाजाने व रेल्वेने आलेल्या अस्सल फ्रेंच मालाशी पडत होती.

महाराजांची प्रकृती तोवर ढासळली होती. पुत्रांतील वारसा आणि इंग्रजांचा वाढता दबाव अशा दोन चिंता त्यांना होत्या. १८८४ मध्येच व्हाइसरॉयच्या सरकारने ठरवून टाकले होते की रणबीरसिंगांच्या पश्चात काश्मीरमध्ये रेसिडेंट नेमायचा. १२ सप्टेंबर १८८५ रोजी जम्मूत त्यांचे निधन झाले. वय ५५ वर्षांचे. थोरले पुत्र प्रतापसिंग गादीवर आले आणि दुखवट्यातच इंग्रजांनी रेसिडेंटची नेमणूक जाहीर केली.

द्राक्षमळा मात्र राजाच्या मागे चालू राहिला. प्रतापसिंगांच्या काळात पेशो नावाच्या फ्रेंच माणसाकडे त्याची व्यवस्था होती. आणि मग आली फायलोक्सेरा. मुळांतील रस शोषणारा हा सूक्ष्म कीटक अमेरिकेतून युरोपात गेला होता आणि १८६० च्या दशकापासून त्याने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले होते. १८९० मध्ये तो डल सरोवराकाठच्या वेलींवर आढळला. हा पाहुणा आला तोही परदेशी वेलीच्याच वाटेने, असे मानणे भाग आहे. त्यावर उपाय फ्रान्सने शोधला होता तोच केला गेला. अमेरिकन रानटी द्राक्षाची मुळे या कीटकाला दाद देत नाहीत, म्हणून अमेरिकन खुंट मागवून त्यांवर फ्रेंच डोळे बांधायचे. काश्मीरची माती, अमेरिकेचे मूळ आणि फ्रान्सची फांदी अशी ती वेल झाली.

हा उपाय आज महाराष्ट्राच्या द्राक्षबागांतही आहे, कारण थोडे वेगळे. आपल्याकडे १९९० च्या दशकापासून पाण्याची टंचाई आणि क्षार यांना तोंड देण्यासाठी डॉगरिज हा अमेरिकन खुंट सर्रास वापरला जाऊ लागला. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांतील बहुतेक वेली आता अशा कलमी आहेत. पुण्याच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून या विषयावर काम करते. पुण्यातीलच आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन कॅटॉबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हे वाण काढले, ते रसासाठी व वाइनसाठी चालते. राज्याचे वाइन धोरण २००१ मध्ये आले, पण आपल्याकडील वाइनचा मुख्य भार अजूनही फ्रेंच जातींवरच आहे.

लॉरेन्स १८८९ ते १८९५ या काळात काश्मीरची जमीनबंदोबस्ती करण्यासाठी खोऱ्यात होते. धान्याऐवजी मुख्यतः रोखीने सारा घेण्याची पद्धत, जमिनीवरील शेतकऱ्याचा हक्क आणि वेठबिगारीला आळा या सुधारणा तेव्हा झाल्या. १८७७ चे भात ज्या नियमाने कुजले, तो नियम रणबीरसिंगांच्या मृत्यूनंतर असा मागे पडला. लॉरेन्स यांनी १८९५ च्या आपल्या ग्रंथात गुपकारचे मळे आणि तेथील खर्चिक कारखाना यांचेही वर्णन केले आहे. बंदोबस्ताचे काम करणाऱ्या अधिकाऱ्याला अशा कारखान्याचा जमाखर्च दिसणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकात वाइन मागे पडली आणि त्या जमिनीवर हळूहळू बंगले उठले.

युरोपातून आणि अमेरिकेतून आलेल्या फळझाडांपैकी काश्मीरमध्ये खऱ्या अर्थाने रुजले ते सफरचंद. तेथेही देशी अंबरीची जागा पुढे अमेरिकन डेलिशियसने घेतली आणि अंबरी आता शोधावी लागते. द्राक्षाचे मात्र उलट झाले. बोर्दोच्या वेली गेल्या आणि रेपोऱ्याची साहिबी व हुसैनी राहिली. दर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तिचे टपोरे घड गांदरबल जिल्ह्यातून श्रीनगरच्या बाजारात येतात आणि खाण्यासाठीच विकले जातात. गुपकार हे नाव २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथील राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यामुळे देशभर पोचले, तेव्हा वृत्तपत्रांतून ज्या गुपकार रस्त्याचा उल्लेख होत होता, तो रणबीरसिंगांच्या द्राक्षमळ्याच्या याच परिसरातून जातो.